घराचा उंबरठा आणि धंद्याचे कर्ज

मराठीत माणूस नोकरीला ‘लागतो’ आणि धंद्यात ‘पडतो’. क्रियापदांच्या या निवडीत कित्येक पिढ्यांची भीती साठलेली आहे. मराठी तरुणांनी उद्योगात उतरावे, हे आवाहन स्वदेशीच्या चळवळीपासून आजतागायत अखंड चालू आहे. त्यासाठी मेळावे भरतात, व्याख्याने होतात, यशस्वी उद्योजकांचे सत्कार होतात. धैर्य, चिकाटी आणि सचोटी यांचे गुणगान होते, आणि ते योग्यच आहे. परंतु धंद्यात उतरलेला माणूस दुर्दैवाने खरोखरच पडला, तर तो किती खोल पडेल आणि आपल्यासोबत घरातील किती जणांना घेऊन पडेल, हे धैर्यावर अवलंबून नसते. तो धंदा कोणत्या कायदेशीर स्वरूपात उभा केला होता, त्यावर ते ठरते. या विषयाची चर्चा मात्र मेळाव्यांत होत नाही आणि घरातही होत नाही.

भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव, हिंगणा यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत फेरफटका मारावा. गाळ्यागाळ्यावर ‘एंटरप्रायझेस’, ‘इंडस्ट्रीज’, ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ अशा पाट्या दिसतात. पाटीवरचे नाव भारदस्त असते. पण बहुतेक ठिकाणी कायद्याच्या लेखी त्या नावाला स्वतंत्र अस्तित्वच नसते. तो धंदा म्हणजे त्याचा मालक, आणि मालक म्हणजे तो धंदा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ मधील ७३ व्या फेरीत, कंपनी म्हणून न नोंदलेल्या बिगरशेती उद्योगांची संख्या सुमारे ६ कोटी ३४ लाख आढळली होती. त्यांपैकी सुमारे ९६ टक्के एकट्या मालकाचे होते. देशाच्या अर्थव्यवस्थेचा हा प्रचंड पाया अशा कोट्यवधी घरांवर उभा आहे, जिथे गल्ला आणि घरखर्चाचा डबा यांच्यामध्ये कायद्याची कोणतीही भिंत नाही.

सगळे सुरळीत चालते तोवर ही भिंत नसल्याचे कोणाला जाणवतही नाही. एखादा मोठा ग्राहक बिल थकवतो, पुरवठादाराची देणी तुंबतात, दावा दाखल होतो आणि हुकूमनामा हाती पडतो. मग तिचे मोल कळते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम या दृष्टीने प्रत्येक गृहस्थाने एकदा वाचावे असे आहे. ऋणकोच्या कोणत्या वस्तूंवर जप्ती आणता येत नाही, त्याची यादी त्यात आहे. कुटुंबाचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माचारानुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे अलंकार आणि कारागिराची हत्यारे, एवढे ते वाचवते. शेतकरी स्वतः राहत असलेले त्याचे घरही वाचवते. पण शहरातील लघुउद्योजकाच्या राहत्या सदनिकेला सामान्य कर्जाच्या वसुलीत असे संरक्षण नाही. १९०८ च्या कायद्याने मंगळसूत्राचा विचार केला. वीस वर्षे हप्ते भरून घेतलेल्या दोन खोल्यांचा केला नाही.

भागीदारीत ही जोखीम कमी होते, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ती वाढू शकते. १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या २५ व्या कलमानुसार, भागीदारी संस्थेच्या प्रत्येक कृत्यासाठी प्रत्येक भागीदार इतरांसह संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही जबाबदार असतो. तीन मित्रांनी संस्था काढली, एकाने अविचाराने माल उचलला आणि दुसऱ्याकडे देण्याजोगे काही नसले, तर ज्याच्या नावावर घर आहे त्याच्याकडून धनको सगळे कर्ज वसूल करू शकतो. वाट्याचा हिशेब मित्रांनी नंतर आपापसात करावा. अशा कित्येक भागीदाऱ्यांत पैशाबरोबर मैत्रीही संपली आहे.

दुसरा प्रसंग मालकाच्या अकाली मृत्यूचा. एकमालकी धंद्याचे खाते, परवाने, कंत्राटे आणि कर-नोंदणी हे सारे त्या एका माणसाच्या नावाला चिकटलेले असते. तो गेला की चालता धंदा एका दिवसात कायद्याच्या दृष्टीने थिजतो. दिवसकार्य उरकण्याच्या आत कामगारांचा पगार कोठून द्यायचा, हा प्रश्न त्या घरातील बाईसमोर उभा राहतो. भागीदारीतही करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते.

या सर्व प्रश्नांवर कायद्याने शोधलेले उत्तर म्हणजे मर्यादित दायित्वाची कंपनी. तिच्या मुळाशी असलेली कल्पना साधी आहे. कंपनी ही तिच्या मालकांहून वेगळी, स्वतंत्र व्यक्ती मानायची. ती स्वतःच्या नावाने मालमत्ता घेईल, कर्ज काढेल, दावा लावेल. भागधारकाने जेवढे भांडवल घालण्याचे कबूल केले, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील अरॉन सॉलोमन या बूट बनवणाऱ्या व्यावसायिकाच्या खटल्यात १८९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हे तत्त्व ठामपणे मांडले. त्याच्या कंपनीच्या २०,००७ समभागांपैकी २०,००१ त्याचे स्वतःचे होते. पत्नी, मुलगी आणि चार मुलगे यांच्याकडे प्रत्येकी एक. कंपनी बुडाल्यावर खालच्या न्यायालयांनी तिला निव्वळ देखावा ठरवले होते. कायद्याने घातलेल्या अटी पाळून कंपनी स्थापन झाली असेल, तर ती लहान आहे किंवा एका कुटुंबाची आहे म्हणून तिचे वेगळे अस्तित्व नाकारता येणार नाही, असा निर्णय लॉर्ड्सनी दिला. मर्यादित दायित्व ही केवळ बड्या भांडवलदारांची मिरास नाही, हे त्या एका चर्मव्यावसायिकाने सिद्ध केले.

भारतात हे तत्त्व १८५७ च्या कायद्याने आले. ते आणले इंग्रजांनी. परंतु त्याचा उपयोग स्वदेशीच्या धुरीणांनी पुरेपूर केला. व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापली, तेव्हा दहा लाखांचे भांडवल पंचवीस रुपयांच्या चाळीस हजार समभागांत विभागले होते. परकीय जहाज कंपनीशी टक्कर घेणे हे साहसच होते. इंग्रज सत्तेने चिदंबरम यांना तुरुंगात टाकले, कोलू ओढायला लावला, आणि ती कंपनी टिकली नाही. परंतु पंचवीस रुपयांचा एक समभाग घेणाऱ्या सामान्य देशभक्ताचे पंचवीसच रुपये गेले. त्याच्या घरावर जप्ती आली नाही. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. शाईच्या व्यवसायातून १९३१ मध्ये उभी राहिलेली दांडेकरांची ‘कॅम्लिन’ १९४६ मध्ये खासगी मर्यादित कंपनी झाली. कर्त्या पुरुषांच्या पश्चात जे मराठी उद्योग टिकले, त्यांच्यापैकी अनेकांनी घर आणि पेढी यांची फारकत वेळीच केली होती.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो मराठी मध्यमवर्गाच्या संस्कारातून आलेला आहे. देणे बुडवणे हे पाप, असे ज्या घरांत शिकवले जाते, तेथे मर्यादित दायित्व म्हणजे पळवाट वाटते. ‘लिमिटेड कंपनी काढून हात वर केले’ हा वाक्प्रयोग त्याच भावनेतून निघतो. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. परंतु ऋणाविषयीची आपली परंपरा अधिक सूक्ष्म आहे. व्यवहाराच्या अठरा पदांत धर्मशास्त्रकारांनी ‘संभूयसमुत्थान’ हे एकत्र व्यापाराचे पद स्वतंत्रपणे मांडले. नफा-तोटा ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे किंवा ठरावाप्रमाणे वाटून घ्यावा, असे याज्ञवल्क्य सांगतो. दामदुपटीच्या नियमाने व्याजाला मर्यादा घातली. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येणार नाही, हा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही मानला. दुसऱ्या बाजूला, पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, या तत्त्वावर एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील मुलाच्या हिश्श्यातूनही वसुली होत असे. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा कायद्याने, त्यानंतरच्या कर्जांसाठी, केवळ या धर्मकर्तव्याच्या आधारे मुला-नातवंडांविरुद्ध वसुली करण्याचा मार्ग बंद केला. म्हणजे ऋणाचे पावित्र्य आणि ऋणाची मर्यादा या दोन्ही गोष्टींचा विचार आपल्याकडे झालेला आहे.

शिवाय ‘लिमिटेड’ हा शब्द नावाच्या शेवटी लावण्याची सक्ती कायद्याने मुद्दाम केली आहे. समोरच्याला ती आगाऊ सूचना असते. व्यवहार या कंपनीशी आहे, वसुली तिच्या मालमत्तेतून होईल, हे जाणून त्याने उधारी द्यायची असते. कंपनीचे ताळेबंद निबंधकाकडे दाखल होतात आणि शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. उलट एकमालकी धंद्याची खरी स्थिती मालकाखेरीज कोणालाच ठाऊक नसते. आणि कंपनी बुडाल्यावर एखाद्याने नैतिक कर्तव्य म्हणून स्वतःच्या कमाईतून देणी फेडली, तर त्याचा हात कायदा धरत नाही. मुलांच्या डोक्यावरचे छप्पर काढून ती फेडण्याची सक्ती तेवढी तो करीत नाही.

लघुउद्योजकापुढे आज तीन मुख्य पर्याय आहेत. पहिला खासगी मर्यादित कंपनीचा. त्यासाठी किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात. एक लाख रुपयांच्या किमान भरणा भांडवलाची जुनी अट २०१५ मध्ये रद्द झाली. दुसरा पर्याय मर्यादित दायित्व भागीदारीचा, ज्याला सर्वत्र एलएलपी म्हणतात. २००८ च्या कायद्याने आलेली ही व्यवस्था भागीदारीची लवचीकता आणि कंपनीचे संरक्षण यांचा मेळ घालते; एका भागीदाराच्या गैरकृत्यासाठी दुसऱ्याच्या व्यक्तिगत मालमत्तेला हात लावता येत नाही. उलाढाल ४० लाख आणि भांडवली योगदान २५ लाख रुपयांच्या आत असेल, तर लेखापरीक्षणाची सक्तीही नाही. तिसरा पर्याय एकट्यासाठी आहे. डॉ. जे. जे. इराणी समितीने २००५ मध्ये सुचवलेली ‘वन पर्सन कंपनी’ २०१३ च्या कंपनी कायद्याने प्रत्यक्षात आली. तिच्या स्थापनेच्या वेळीच एक नामनिर्देशित व्यक्ती नोंदवावी लागते. मालकाच्या मृत्यूनंतर ती व्यक्ती सदस्य होते आणि कंपनी चालू राहते. ठरावीक भांडवल किंवा उलाढाल ओलांडली की स्वरूप बदलण्याची पूर्वीची सक्ती २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली. एकट्याने लेथ चालवणाऱ्या किंवा घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय वाढवणाऱ्या भगिनीसाठी ही तरतूद महत्त्वाची आहे.

नोंदणीची प्रक्रियाही पूर्वीइतकी जाचक राहिलेली नाही. २०२० च्या फेब्रुवारीपासून ‘स्पाइस प्लस’ या एकाच संगणकीय अर्जप्रणालीत नाव, नोंदणी, संचालकांचे ओळखक्रमांक, पॅन, टॅन, भविष्यनिर्वाह निधी, कामगार विमा आणि महाराष्ट्रात व्यवसाय कर यांची कामे होतात. हवी असल्यास जीएसटीची नोंदणीही त्यातच होते. पंधरा लाख रुपयांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला केंद्राचे नोंदणी शुल्क नाही. राज्याचे मुद्रांक शुल्क आणि सल्लागाराचे मानधन मात्र असते. राहत्या घराचा पत्ताही, मालकाच्या संमतीपत्रासह, नोंदणीकृत कार्यालय म्हणून चालतो.

तथापि, हा दिलासा ऐकून कोणी घाईने कंपनी काढू नये. कंपनी काढणे सोपे झाले आहे. पाळणे अवघड आहे. पहिल्या तीस दिवसांत संचालक मंडळाची बैठक आणि लेखापरीक्षकाची नियुक्ती, एकशे ऐंशी दिवसांत भांडवल जमा झाल्याचे प्रतिज्ञापन, दरवर्षी लेखापरीक्षण, ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र हे सर्व उलाढाल शून्य असली तरी करावेच लागते. विवरणपत्राला विलंब झाला, तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला शंभर रुपये. सलग तीन वर्षे विवरणपत्रे न भरणाऱ्या कंपनीचे संचालक अपात्र ठरतात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली आणि तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. ज्याच्या धंद्यात उधारी नाही, कामगार नाहीत आणि फसल्यास फारसे देणे उरणार नाही, त्याने हा खर्च करावा की नाही, याचा विचार सनदी लेखापालाशी बोलून करावा. ज्याच्या डोक्यावर पुरवठादारांची उधारी आहे, ज्याच्या मालातील दोषाने दुसऱ्याचे मोठे नुकसान होऊ शकते, त्याने मात्र हा खर्च विम्याच्या हप्त्यासारखा मानावा.

दुसरी गोष्ट वेळेची. कंपनी काढल्याने जुनी देणी तिच्या अंगावर जात नाहीत. ती मूळ मालकाकडेच राहतात. वादळ दारात आल्यावर घाईने मालमत्ता इकडून तिकडे केली, तर धनकोंना फसवण्यासाठी केलेले ते हस्तांतरण न्यायालय रद्द करू शकते. फसवणुकीच्या हेतूने कंपनी चालवणाऱ्याला मर्यादित दायित्वाचे कवच मिळत नाही. कंपनीकडून वसूल न झालेला कर, आपली हयगय नव्हती हे सिद्ध न करू शकणाऱ्या संचालकाकडून वसूल करण्याची तरतूद प्राप्तिकर आणि जीएसटी या दोन्ही कायद्यांत आहे. धनादेश न वटल्यास कारभार पाहणारा संचालकही आरोपी होतो. कंपनीच्या खात्यातून घरचा किराणा भरणाऱ्याने आपण उभारलेली भिंत आपल्याच हाताने पाडली, असे समजावे.

सर्वांत मोठे भगदाड मात्र बँकेच्या टेबलावर पडते. कर्ज मंजूर करताना बँक संचालकांची व्यक्तिगत हमी मागते. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. २०१९ च्या डिसेंबरपासून कंपनीच्या व्यक्तिगत जामीनदारांविरुद्ध दिवाळखोरी संहितेखाली कारवाई करता येते, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. म्हणजे कंपनी काढून जे वाचवले, ते एका सहीने पुन्हा डावावर लागते. त्यातही दुसरा संचालक म्हणून पत्नीचे नाव घालण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ‘येथे सही कर’ एवढ्यावर ती सही करते. मग जामीनपत्रावरही करते. ज्या घराच्या रक्षणासाठी कंपनी काढली, त्याच घरातील स्त्री न वाचलेल्या कागदामुळे कर्जाची जामीनदार होते. संचालकपद ही शोभेची खुर्ची नाही. घरातील स्त्रीला संचालक करायचे असेल, तर तिला ताळेबंद दाखवावा, बैठकीत तिचे मत घ्यावे आणि जामीनपत्राचा प्रत्येक परिच्छेद समजावून सांगावा. तेवढी तयारी नसेल, तर एकट्याच्या कंपनीचा पर्याय खुला आहे.

शासनाचे आणि बँकांचेही येथे कर्तव्य आहे. लघुउद्योगांसाठी पतहमी निधी न्यास २००० पासून काम करतो. दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून तारण मागू नये, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये दिला. परंतु तारणमुक्त याचा अर्थ हमीमुक्त असा होत नाही. प्रवर्तकाची व्यक्तिगत हमी त्यातही घेतली जाते. संसदेने एका हाताने दिलेले मर्यादित दायित्व बँकांनी दुसऱ्या हाताने काढून घ्यावे, हे कितपत योग्य? हमी निदान कर्जाच्या ठरावीक हिश्श्यापुरती असावी आणि जामीनदाराचे एकमेव राहते घर तिच्या कक्षेबाहेर ठेवावे, अशी मागणी लघुउद्योजकांच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे. दिवाणी संहितेच्या ६० व्या कलमाचाही संसदेने नव्याने विचार करावा.

परंतु कायदा बदलण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. बलिप्रतिपदेला आपल्याकडे व्यापाराच्या नव्या वहीचे पूजन होते. त्या मुहूर्तावर उद्योजक घरांनी एक काम करावे. पती, पत्नी आणि जाणती मुले यांनी एकत्र बसावे. आपला धंदा कायद्याच्या लेखी कोणत्या स्वरूपात आहे, घर कोणाच्या नावावर आहे, आजवर कोणकोणत्या कागदांवर कोणाची जामीन म्हणून सही झाली आहे, आणि कर्ता माणूस उद्या नसला तर पगाराचा धनादेश कोण काढेल, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. उत्तरे लिहिता आली नाहीत, तर लेखापालाकडे जाण्याची तीच वेळ आहे.

समाजाला उद्योजक हवे असतील, तर एका अपयशाने संपूर्ण घर रस्त्यावर येणार नाही, एवढी हमी त्यांना मिळाली पाहिजे. पडल्यावर उठून दुसरा धंदा उभारणारा माणूस ही राष्ट्राची संपत्ती आहे. आणि उठण्यासाठी त्याला पाय टेकायला स्वतःच्या घराची जमीन लागते.